लागवडीच्या जंगलात पक्षी मोजताना नुसता ऐकलेला पक्षी धरायचा का?

तुम्ही विचारलंय, टेकडीवर लावलेलं रान आता पंधरा-वीस वर्षांचं झालंय, तिथे पक्षी मोजायला कॅमेरा कुठला घ्यावा आणि ऐकलेला पक्षी यादीत धरावा का. कॅमेऱ्यातलं मला कळत नाही. दुसऱ्या प्रश्नावर मात्र बोलणारच.

धरायचाच! दाट झाडीत बहुतेक पक्षी आधी कानालाच कळतात.

नवी मुंबईत बेलापूरला पारसिक टेकडीच्या उतारावर मी एका गटाबरोबर मोजणीला जायचे. सगळीकडे गिरिपुष्प आणि सुबाभूळ, घळीत तेवढी जुनी करवंदाची जाळी. जूनच्या तोंडावर त्या जाळीतून नवरंगाची दोन सुरांची शीळ आली. थांबून पुन्हा ऐकली, मग कागदावर लिहिली. गटाचे म्होरके म्हणाले, "ताई, फोटो दाखवा, मग धरू." आता नवरंग जमिनीवर पालापाचोळा उलटत हिंडणारा. तो काय फांदीवर येऊन पोझ देणार? खोडला. पायथ्याच्या वायरीवरच्या साळुंक्या मात्र फोटोसकट यादीत. पुढच्या श्रमदानात 'स्वच्छता' म्हणून तीच जाळी कोयत्याने साफ, पाचोळा पोत्यात. यादीत नवरंग असता तर कोयता उचलताना कोणीतरी अडवलं असतं, असं मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते.

फोटोवर यादी केली की उघड्यावर बसणारे तेवढे भरतात, झुडपातले गळतात. मग 'शंभर जाती' असा बॅनर लावायचा. माझ्या मते आकडा दुय्यम. टिकेलचा निळा माशीमार, नवरंग असे खालच्या थरातले पक्षी येतात का ते बघा. नुसते बुलबुल, साळुंक्या, कावळे असतील तर ती बाग झाली.

पद्धत नेहमीचीच. २०० मीटर अंतराने ठरावीक बिंदू, प्रत्येकी १० मिनिटं, सूर्योदयानंतरच्या दोन-अडीच तासांत. नोंदीपुढे 'दिसला' की 'ऐकला' आणि अंदाजे अंतर. हिवाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर, दोन्ही वेळा जा, कारण जानेवारीच्या यादीत नवरंगाची शीळ सापडायची नाही. शेजारचा झाडं न लावलेला गवताळ उतारही मोजा, नाहीतर लागवडीने गवतातले चंडोल हुसकावले का ते कसं कळणार?

फोटो अगदीच नको असं नाही. वटवटे आणि शिकारी पक्षी यांत माझीही गडबड होते, तिथे फोटो सोडवतो. आवाज पक्के नसतील तर 'अनोळखी' लिहा. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपने सुचवलं म्हणून नाव ठोकू नका, भृंगराज कोतवाल दहा पक्ष्यांची नक्कल करतो. रेकॉर्ड वाजवून पक्षी बाहेर काढायचा नाही, विणीच्या दिवसांत तर नाहीच. ठाण्यात येऊरच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान लागतं, तिकडे वनखात्याची परवानगी आधी.

आणि झुडपं छाटायचं श्रमदान ठेवूच नका. घाणेरी (लँटाना) माजली असेल तर उपटा, पण वीण आटोपल्यावर.