वेग भरपूर, तरी वेबसाइट अडखळते

प्रश्न : सांगलीत विश्रामबागेत आमचं ऑनलाइन अर्ज भरण्याचं केंद्र आहे. स्पीड टेस्ट उत्तम येते, पण संध्याकाळी वेबसाइट मध्येच चार-पाच सेकंद अडकते. दोष डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा) आहे का, हे कसं मोजायचं?

उत्तर : पाच सेकंदांची अडकण हीच मोठी खूण. वेबसाइटचं नाव विचारणारं यूडीपी पाकीट (पोच न मागता पाठवलेला माहितीचा छोटा तुकडा) वाटेत हरवलं, तर लिनक्स साधारण ५ सेकंद थांबून पुन्हा विचारतं. वेग मोजून हे कळत नाही.

वायफाय नको, केबल लावा. ‘डिग’ या डीएनएस तपासणाऱ्या कमांडने दर मिनिटाला एक नाव विचारा, दिवसाचे १,४४० प्रश्न होतात. प्रयत्न १ आणि मुदत २ सेकंद ठेवा, नाहीतर डिग स्वतःच तीनदा विचारून चूक झाकतो. नाव दरवेळी वेगळं घ्या. तेच विचारलंत तर साठवलेलं उत्तर मिळतं आणि आकडा फसवा येतो. ‘एनएक्सडोमेन’ (असं नावच नाही) हे अपयश नव्हे, उत्तरच आहे. ‘सर्व्हफेल’ (सर्व्हरला उत्तर शोधता आलं नाही) आणि मुदत संपणं मात्र वेगवेगळं नोंदवा.

एक टक्का चूक किरकोळ समजू नका. एका पानाला २० नावं लागली, तर अडकण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते! हीच मोजणी त्याच वेळी ८.८.८.८ या गुगलच्या डीएनएस सर्व्हरवरही करा. दोन्हीकडे सारख्याच चुका दिसल्या, तर बहुधा लाइनच पाकिटं गाळते आहे.