कोळशांचा तो विस्तव आठव

बाळा, बाप्तिस्म्यानंतर पुन्हा एकदा प्यालास म्हणून तू मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यायचा थांबलास, हे कळलं. मोह होणं हे पाप नाही रे. खुद्द प्रभू येशूची रानात 40 दिवस परीक्षा झाली आणि तो निष्पाप राहिला. पण मोहाशी एकट्याने झुंजू नकोस. पगाराच्या दिवशी गुत्त्यावरचा रस्ता सोड, वाटेत मला फोन कर.

आणि प्रभूचा शिष्य पेत्र, त्याच्याकडे बघ. महायाजकाच्या वाड्यात, कोळशांच्या शेकोटीपाशी त्याने प्रभूला तीनदा नाकारलं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, 21व्या अध्यायात, मरणातून पुन्हा उठलेला प्रभू सरोवराच्या किनाऱ्यावर आहे. तिथेही कोळशांचाच विस्तव, त्यावर मासळी, शिवाय भाकर. आधी तो जेवू घालतो. मग “माझ्यावर प्रेम करतोस का?” असं तीनदा विचारतो आणि आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, पेत्राच्याच हाती सोपवतो. पस्तावा प्रभूला धरून देणाऱ्या यहूदालाही झाला होता, पण तो प्रभूकडे परतला नाही. माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे.

कबूल केलेलं पाप मी कितीतरी वर्षं उकरत राहिले, त्यालाच नम्रता समजत होते. बायबलमधलं 1 योहान 1:9 मोठ्याने वाच: आपण पापं कबूल केली तर देव क्षमा करतो, असं तिथे आहे. बायकोची माफी माग, उसने घेतलेले पैसे फेड. रविवारी प्रभुभोजन आहे, प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी; माझ्या शेजारची जागा तुझ्यासाठी धरून ठेवते.