कुत्र्याला उलट्या आणि पातळ संडास होत असेल तर घरी काय द्यावं?

तुम्ही लिहिलंय की काल रात्रीपासून तीन उलट्या झाल्या, दोनदा पातळ संडास झाली, आणि डॉक्टरकडे नेण्याआधी घरी काय देता येईल. सांगतो. पण त्याने काय खाल्लं हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, आणि मी लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच.

आमचा टिपू गावठी, सात वर्षांचा. आम्ही इंदिरानगरला राहतो, द्राक्षबाग निफाड तालुक्यात, ती नाना म्हणजे माझे चुलते बघतात. फेब्रुवारीत खुडणी चालू असली की रविवारी सगळे मळ्यावर. शेडमध्ये बायका घड हातात धरून कात्रीने फुटके, बारीक मणी काढतात, संध्याकाळपर्यंत खाली मण्यांचा ढीग होतो. टिपू त्या ढिगापाशीच बसून होता. किती खाल्ले कुणी बघितलं नाही. उलट सगळे कौतुक करत होते की याला पण द्राक्षं आवडतात.

रात्री घरी आल्यावर तो ओकला. उलटीत हिरवी सालं होती. नानांना फोन केला तर म्हणाले, "जास्त झाली असतील. एक दिवस उपाशी ठेव, पोट साफ होतं." मी ऐकलं. सोमवारी दिवसभर काही दिलं नाही, संध्याकाळी दही-भात ठेवला तर त्याने वासही घेतला नाही. पाणी पीत होता आणि ओकत होता. मंगळवारी सकाळी खाली नेलं, नेहमीच्या खांबापाशी पाय वर केला, पण लघवी आलीच नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, काय खाल्लं? मी चिकन-भात वगैरे सांगत बसलो, द्राक्षांचं शेवटी बोललो. त्यांनी लगेच रक्त काढलं. किडनी किती काम करते ते दाखवणारं क्रिएटिनिन दीडच्या आसपास किंवा त्याखाली असायला हवं, ते ७.८ निघालं. किडनी गेली होती. पाच दिवस सलाईन.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला विषारी असतात. पहिल्या दिवशी फक्त उलट्या, जुलाब, सुस्ती, म्हणजे अगदी पोट बिघडल्यासारखं. किडनी बंद पडायला लागते ती एक ते तीन दिवसांत. किती खाल्लं तर चालतं असा आकडा कुणी देऊ शकत नाही. खाल्ल्यावर दोनेक तासांत नेलं तर डॉक्टर इंजेक्शन देऊन ओकायला लावतात आणि बहुतेक कुत्री वाचतात. (घरी मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, मीठ चढून वेगळाच घोळ होतो.) कारण नेमकं कशात, हे बरीच वर्षं कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक ॲसिडकडे बोट दाखवलं. तेच ॲसिड चिंचेत भरपूर असतं. चिंचेची आमटी भातावर घालून कुत्र्याला देणारी घरं आपल्याकडे काही कमी नाहीत.

नाना आजही म्हणतात की मळ्यातली कुत्री पिढ्यानपिढ्या द्राक्षं खातात, एक मेलं नाही. नाना, मेली. आपल्याच शेडमागे दोन मेलेली मी लहानपणी पाहिली. तेव्हा आपण म्हणालो की साप चावला असेल, कुणी औषध घातलं असेल. रक्त कुणी तपासलं होतं? सगळ्याच कुत्र्यांना त्रास होत नाही हे खरंय, द्राक्षाद्राक्षात ॲसिड कमीजास्त असतं. पण आपलं कुत्रं कोणत्यातलं, हे खाऊ घालून बघायचं नसतं.

आता तुमचं. कुत्रं मोठं असेल, चालतंय-बघतंय, आणि असलं काही खाल्लेलं नाही याची खात्री असेल, तर बारा तास खाणं बंद. पाणी मात्र बंद करायचं नाही, वाटीभर एकदम न देता दर अर्ध्या तासाला दोन-चार चमचे. उलटी थांबली की कातडी काढून उकडलेलं चिकन आणि मऊ गिचका भात, भात दुप्पट, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. मीठ, कांदा, लसूण काही नाही. उकडलेला लाल भोपळा चालतो. दूध नको. मेडिकलमधून पॅरासिटामोल, आयबुप्रोफेन किंवा जुलाबाची गोळी आणून तर अजिबात देऊ नका.

पाणीही पोटात टिकत नसेल, संडासमध्ये रक्त असेल किंवा ती डांबरासारखी काळी असेल, लघवी होत नसेल, पोट फुगून नुसत्या कोरड्या ओकाऱ्या येत असतील, तर घरगुती काही करत बसू नका, उचला आणि न्या. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा, लगेच खाली बसली नाही तर अंगातलं पाणी गेलंय.

ती चिमूट मला पाठ झाली. टिपू पुढे दीड वर्ष जगला, आठवड्यातून तीनदा मी स्वतः तीच कातडी उचलून खाली सलाईनची सुई लावायचो. तो हलायचा नाही.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. आणि तुमचं पिल्लू असेल, लसी पूर्ण झाल्या नसतील, तर वरचं उपाशी ठेवायचं वगैरे सगळं विसरा. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा व्हायरस, असू शकतो, आजच न्या.

जाताना उलटीचा फोटो काढून न्या, त्यात साल, बी, प्लास्टिक काही दिसलं तर ते पिशवीत घ्या. मी त्या रात्री फरशी पुसून झोपलो होतो.