बॅग शिवायचा पॅटर्न (कापड कापायचा कागदी नमुना) सरळ झेरॉक्सवर मोठा केला तर चालेल का?

१२ इंची बॅगेचा पॅटर्न १२५ टक्के मोठा केला की १५ इंची बॅग होईल, पण आधी शिलाईची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेली जादा पट्टी, कापून टाका. नाहीतर मायाही फुगते. शिवताना तुम्ही पाव इंचच धरणार, मग जास्तीचं कापड आकारात जातं. शिवणीच्या रेषेपर्यंतचाच आकार मोठा करा आणि भोवती पाव इंच माया नव्याने आखा.

बॅगेत एवढासा फरक खपून जातो, क्विल्टमध्ये, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या गोधडीत, अजिबात नाही. समजा, नऊ चौकोनी तुकड्यांचा (तीन ओळी, ओळीत तीन) ९ इंची ब्लॉक, म्हणजे क्विल्टचा एक भाग, १२ इंची करायचाय. १२ भागिले ३ म्हणजे ४ इंच, अधिक दोन्ही बाजूंची माया अर्धा इंच. तुकडा साडेचार इंचांचा कापायचा. जुना साडेतीन इंचांचा तुकडा त्याच प्रमाणात वाढवलात तर ब्लॉक साडेबारा इंच होतो. असे सहा ब्लॉक एका ओळीत जोडले की क्विल्ट तब्बल ३ इंच वाढते! म्हणून क्विल्टला झेरॉक्स नकोच, दर वेळी हिशेब करा.

बॅगेचा पट्टा आणि चुंबकाचं बटण मात्र आहे तेवढंच ठेवा. पट्टा खांद्याच्या मापाने ठरतो. चेन नव्या तोंडाएवढी घ्या. कापड सव्वापट नाही, साधारण दीडपटीहून थोडं जास्त लागेल, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही वाढतात. चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी जुन्या चादरीवर एकदा शिवून बघाच.