तिसरा ड्रॉप नको, भाऊ

भाऊ, तुमचं रावेरहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. विचारलंय काय, तर पोरीच्या नीटच्या तिसऱ्या ड्रॉपसाठी, म्हणजे आणखी एक वर्ष थांबून परीक्षा द्यायला, लातूर बरं की कोटा. पण मी अडकलो शेवटच्या ओळीत, 'तिची आजी स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेली, निदान आजीसाठी तरी तिने डॉक्टर व्हावं.' हे ओझं तिच्यावर टाकू नका हो. केमोला दर खेपेला रेल्वेने मुंबईला आजीसोबत तीच जायची, उलटीची पिशवी धरून बसायची, हे तुम्हीच लिहिलंय. तिला आजीची आठवण करून द्यावी लागते का? मार्क कमी पडले म्हणजे माया कमी पडली असंच तिला ऐकू जात असणार, आणि अशा मनाने चौथ्यांदा पेपर द्यायला बसवणं मला तरी चुकीचंच वाटतं.

आणि तिने वाट शोधलीय. 'अभ्यास सोडून हे काढत बसते' म्हणून तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय ना, ते लिपोसोमचं, म्हणजे औषध भरून न्यायच्या चरबीच्या बारीक फुग्याचं चित्र आहे. चरबीच्या कणांच्या दोन रांगा, शेपट्या दोन रांगांच्या मध्ये एकमेकींकडे, फुग्याच्या पोकळीत औषध. अगदी बरोबर काढलंय.

औषध शोधायचं तर आधी एमबीबीएस, हा तुमचा समज मात्र काढून टाका. 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी लोक ज्या लिपोसोमल अँफोटेरिसिनसाठी गावोगावची मेडिकल पालथी घालत होते, तसलं औषध या फुग्यात भरायचं कसं, फुगा किती बारीक हवा, टिकेल किती दिवस, हे फार्मसी-केमिस्ट्रीवाल्यांचं काम. आजीच्याच आजारावर लिपोसोममधलं आयरिनोटेकान हे केमोचं औषध अमेरिकेत 2015 ला मंजूर झालं, पहिली केमो फसलेल्या पेशंटसाठी, सलाईनमधून द्यायचं. नेहमीच्या औषधांना त्याची जोड दिली तेव्हा चाचणीत मधलं आयुष्य, म्हणजे निम्मे पेशंट ज्याच्या पुढे जगले तो काळ, 4.2 महिन्यांवरून 6.1 वर गेलं, बस तेवढंच, आणि जुलाब, पांढऱ्या पेशी घटणं हा त्रास आहेच. म्हणजे यूट्यूबवर सांगतात तसं 'फक्त गाठीवरच जातं' असं काही नाही, काम अजून ढीगभर पडलंय आणि तुमच्या पोरीला नेमकं तेच करायचंय.

सीईटी दिलीय ना तिने, मग कॅप राऊंडला, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीला, बी. फार्म. भरा, शिरपूरलाही कॉलेज आहे, पुढे जीपॅट ही प्रवेशपरीक्षा, मग एम. फार्म. नाहीतर नायपर ही केंद्राची औषधशास्त्राची संस्था.

क्लासचा ॲडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका. संध्याकाळी केळीच्या बागेतून आलात की ते पान तिच्यासमोर ठेवा आणि म्हणा, बाई, हे काय काढलंयस ते मला समजेल असं सांग.