कुत्रा सारखा खाजवतो, जेवणात खोबरेल तेल घालू का?
नको, खोबरेलाने खाज थांबणार नाही. द्यायचंच तर माशाचं तेल द्या. त्वचेचा दाह कमी करणारी ओमेगा-३ आम्लं त्यात असतात, खोबरेलात जवळपास नाहीतच. फरक दिसायला ६ ते ८ आठवडे, कधी १२ सुद्धा लागतात, धीर सोडू नका. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांना विचारा. पण आधी पिसवा बघा: शेपटीच्या मुळाशी केस उलटे करा, काळी भुकटी दिसली तर ओल्या पांढऱ्या कापसावर टिपा. लालसर उतरली तर पिसवाच. गोव्याच्या पावसाळ्यात पंजांच्या बेचक्यांत ओल राहून बुरशीही धरते. बिचारा रात्रभर पंजे चाटत बसतो. तिथे नुसत्या तेलाने भागत नाही, औषधच लागतं.