विगन की सेंट हेलेन्स, रग्बी लीगमधल्या (13 जणांच्या रग्बीतल्या) या दोन क्लबांपैकी घरची पोरं कोण जास्त चांगली घडवतं?

माझं मत सेंट हेलेन्सला, पण अगदी थोडक्यात. दोन्ही गावं उत्तर इंग्लंडात एकमेकांना चिकटूनच आहेत म्हटलं तरी चालेल, त्यामुळे पोरंही त्याच पट्ट्यातली, आणि आधी ती ब्लॅकब्रुक, विगन सेंट पॅट्रिक्स असल्या हौशी क्लबात चिखलात लोळून तयार होतात, मग मोठे क्लब उचलतात. म्हणजे निम्मं श्रेय तिथल्या फुकट राबणाऱ्या कोच लोकांचं, ते कोणी देत नाही ही गोष्ट वेगळी.

जेम्स रोबी बघा, 2004 ते 2023 एकट्या सेंट हेलेन्सकडून 551 मॅच! आणि सुपर लीगची (तिथली सगळ्यात वरची स्पर्धा) 2020 ची फायनल तर कहरच, 4-4 बरोबरी, वेळ संपल्याचा भोंगा वाजलेला, मेकिन्सनने लांबून ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच खांबांमधून मारायची किक) मारला तो खांबाला लागून परत आला आणि 19 वर्षांच्या जॅक वेल्सबीने झडप घालून ट्राय टाकला (समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला, त्याचे 4 गुण), 8-4. दोघंही सेंट हेलेन्सच्याच अकॅडमीतले (क्लबच्या तरुण खेळाडूंच्या शाळेतले), आणि गंमत म्हणजे मेकिन्सन जन्माने विगनचा, समोरची टीमही विगनच 😄

विगनवालेही कमी नाहीत हां. लियम फॅरेल, हॅरी स्मिथ घरचेच, ज्युनियर न्सेम्बा 2024 चा बेस्ट यंग प्लेयर. सॅलरी कॅप (खेळाडूंच्या एकूण पगारावरची मर्यादा) असल्यामुळे सगळे स्टार बाहेरून आणणं कोणालाच परवडत नाही, म्हणून दोघंही अकॅडमीवर जीव टाकतात.

फक्त अकॅडमीत नाही घेतलं म्हणजे संपलं असं नसतं, वॉल्म्सली बॅटलीसारख्या छोट्या क्लबातून सेंट हेलेन्सला आला आणि इंग्लंडकडून खेळला.